'कन्सिडरेट' म्हणजे दयाळूच ना? 'काइंड'च्या जागी वापरला तर चालेल का?

दर वेळी नाही. आपल्या वागण्याचा दुसऱ्याला त्रास होईल का, हे आधीच ओळखून वागतो तो कन्सिडरेट. भरलेल्या लोकलमध्ये चढताना पाठीवरची सॅक काढून पुढे घेणारा कन्सिडरेट; फलाटावर चक्कर येऊन पडलेल्याला पाणी देऊन त्याच्याजवळ थांबणारा काइंड. मराठीत 'समंजस' बराच जवळ जातो, 'दयाळू' मात्र लांब पडतो.

ऑफिसात फरक चटकन कळतो. साहेबांनी रजा मंजूर केली, तर 'दॅट्स व्हेरी काइंड ऑफ यू'. तुमची विरार गाडी चुकू नये म्हणून तुम्ही न सांगताच त्यांनी मीटिंग अर्धा तास अलीकडे घेतली, तर 'व्हेरी कन्सिडरेट ऑफ यू'.

चुका होतात त्या पुढच्या शब्दात. 'इट वॉज कन्सिडरेट ऑफ यू टू कॉल फर्स्ट' (येण्याआधी फोन केलात, बरं झालं) यात 'ऑफ'च हवा. आपण 'तुमच्याकडून'च्या नादात 'फ्रॉम यू' लिहून मोकळे होतो. ज्यांचा विचार करायचा त्यांच्याआधीही 'ऑफ' किंवा 'टुवर्ड्स' येतो, 'फॉर' नाही. सोसायटीच्या नोटिशीत दुपारी ड्रिल मारू नका हे सौम्यपणे सांगायचं असेल, तर 'प्लीज बी कन्सिडरेट ऑफ युअर नेबर्स' हे वाक्य अगदी चपखल.

लिहिताना रूढ म्हणून 'कन्सिडरेट' लिहिलं, पण बोलताना शेवट 'रेट' असा ताणू नका. 'कन्सिडरट' म्हणा, जोर 'सि'वर.

'कन्सिडरेबल' हा वेगळाच प्राणी आहे. त्याचा अर्थ बराच, पुष्कळ: 'कन्सिडरेबल डिले' म्हणजे चांगलाच उशीर. कौतुक म्हणून कुणाला 'यू आर अ कन्सिडरेबल पर्सन' लिहिलंत, तर 'तुम्ही बडं प्रस्थ आहात' असा काहीसा अर्थ निघेल.

'हाउ कन्सिडरेट ऑफ यू!' हे टोमणा म्हणूनही चालतं, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर जरा जपून. तिथे सूर ऐकू येत नाही. उलट शब्द 'इनकन्सिडरेट'. डब्यात स्पीकर लावून रील्स बघणाऱ्याला तो फिट बसतो, पण तोंडावर म्हटलात तर 'तुम्हाला दुसऱ्याची पर्वा नाही' असा सरळ आरोप होतो. तक्रारीच्या मेलमध्ये तो माणसाला न लावता कृतीला लावा: 'दॅट वॉज अ बिट इनकन्सिडरेट'.