सोलरवर पोर्टेबल हॅम (हौशी) रेडिओ स्टेशन: पॅनेलच्या आधी करंटचा हिशोब कर

अरे पॅनेल किती वॅटचं घेऊ हा प्रश्न नंतरचा, आधी तुझा रेडिओ किती करंट खातो ते बघ. समज ५ वॅटचा सेट ऐकताना अर्धा अँपिअर आणि बोलताना २ अँपिअर घेतो आणि तू पाव वेळ ट्रान्समिट करतोस, तर सरासरी ०.९ च्या आसपास येते, म्हणजे ६ तासांना साधारण साडेपाच अँपिअर-तास, १० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आरामात पुरते. एफटी८ (कॉम्प्युटरवरून छोटे डिजिटल संदेश पाठवायची पद्धत) करणार असशील तर पाव नाही, अर्धा वेळ धर. १०० वॅटचा सेट २० अँपिअरपर्यंत ओढतो, सुरुवातीला त्या भानगडीत पडूच नकोस.

पॅनेल थेट रेडिओला कधीच जोडायचं नाही हं, १२ व्होल्टचं म्हणून विकतात पण लोड नसताना २० च्या आसपास जातं, मध्ये चार्ज कंट्रोलर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा डबा) आणि बॅटरी हवीच. फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळ.

खरी डोकेदुखी म्हणजे नॉइज. एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त पॉवर काढणारा प्रकार) आत सतत स्विचिंग करतो, त्याचा कचरा एचएफवर (शॉर्टवेव्हवर) ऐकू येतो, काही मॉडेल शांत असतात, काही अक्षरशः बँड झाकून टाकतात. रेडिओ चालू ठेवून पॅनेलची वायर काढून बघ, एस मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर) खाली आला तर चोर सापडला. मग कंट्रोलरच्या दोन्ही बाजूच्या वायरींवर फेराइट (नॉइज अडवणारी कडी) लाव, अँटेना लांब ने, आणि तरीही त्रास असेल तर कमजोर स्टेशन ऐकताना चार्जिंग सरळ बंद कर, बॅटरी आहे की.

आणि सावली बघत जा, एका कोपऱ्यावर फांदीची सावली आली तरी आउटपुट धपकन पडतं.