सापशिडीत 'एक, दोन, तीन' मोजू नका

दादा, तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. साडेपाच वर्षांच्या मुलासाठी आणलेला महागडा 'एज्युकेशनल' गेम कपाटात पडून आहे, हरायची वेळ आली की मुलगा पट उधळतो, आणि नागपूरची दिव्या देशमुख बुद्धिबळाचा विश्वचषक जिंकल्यापासून घरचे सगळे त्याला बुद्धिबळाच्या क्लासला टाका म्हणताहेत. क्लासचं शेवटी सांगते. आधी घरात सापशिडी आहे का बघा. लुडोच्या पाठीमागे बहुतेक असतेच.

समजा सोंगटी २४ वर आहे आणि ३ चं दान पडलं. मुलं 'एक, दोन, तीन' म्हणत सोंगटी ठोकत नेतात. तसं करू देऊ नका. 'पंचवीस, सव्वीस, सत्तावीस' म्हणत न्यायला लावा आणि तुमच्या पाळीला तुम्हीही तसंच मोठ्याने म्हणा. अमेरिकेत रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार-पाच वर्षांच्या मुलांशी एका ओळीतल्या १ ते १० घरांचा खेळ खेळला गेला. दुसऱ्या गटाच्या पटावर आकडे नव्हते, नुसते रंग होते. थोड्याच बैठकांत आकड्यांच्या गटाला कोणती संख्या मोठी, कोणती कुठे बसते हे चांगलं कळू लागलं. रंगांच्या गटात तसं झालं नाही. पुढे २०१४ मध्ये सीग्लर आणि एलिडा लास्की यांनी शंभरापर्यंतचा पट घेतला, तेव्हा घरावरचा आकडा म्हणत पुढे जाणाऱ्या मुलांना फायदा झाला, दर वेळी एकपासून मोजणाऱ्यांना तसा झाला नाही. म्हणजे पट तोच, खेळ तोच, फरक फक्त तोंडाने काय म्हणतो त्याचा. म्हणूनच महागड्या डब्यासाठी मी कुणाला पैसे घालायला सांगत नाही.

मराठी मुलांना याची गरज जास्त आहे. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतात, म्हणून कितीतरी मुलं ५२ लिहितात. एकोणतीस तर विशीत असून नाव तिसाचं घेतं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला, आठवत असेल. तो वाद बाजूला ठेवा. मुलाचं बोट २९ च्या घरावर आणि तोंडात 'एकोणतीस', हे रोज घडलं की आकडा डोळ्यांनी आणि कानांनी एकदमच बसतो.

तुम्हालाही यात पुष्कळ कळेल. मूल उभं असलेलंच घर 'एक' म्हणून मोजतंय का? २९ वरून ३० ला जाताना अडतं का? ओळ संपून सोंगटी वर चढली की उलट दिशेने जायचं हे त्याला उमगलंय का? (नसेल तर ओळींच्या टोकाला पेनाने बाण काढा.) शाळेच्या वहीत हे दिसत नाही, पटावर पाच मिनिटांत दिसतं. चुकलं तर 'असं नाही' म्हणू नका. 'आपण कुठे उभे होतो?' एवढंच विचारा आणि थांबा.

आता पट उधळण्याचं. सापशिडी नशिबाची, त्यामुळे दोघेच खेळलात तर तुमच्यात आणि त्याच्यात काही फरक नाही. साधारण निम्मे डाव तोच जिंकेल आणि तुम्हाला मुद्दाम हरावं लागणार नाही. मुद्दाम हरलेलं पोट्ट्यांना कळतं, आणि मग खरं जिंकल्याचा आनंदही जातो. शंभर घरांचा डाव मात्र लांबतो, ९८ वर साप गिळतो, आणि इतका वेळ धरलेला धीर सुटतो. म्हणून फरशीवर खडूने १ ते १० घरं आखा आणि नाणं उडवा: छाप आली तर एक घर, काटा आला तर दोन. डाव दोन-तीन मिनिटांत संपतो. एका दुपारी पाच वेळा हरून पाच वेळा जिंकलेलं मूल सहावा डाव मांडायच्या घाईत असतं. रडलाच तर रडू द्या, पण डाव परत फिरवून त्याला जिंकवू नका.

नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दार लावून कूलरसमोर बसायचंच असतं आणि आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटीच उघडतात, तेव्हा वेळ भरपूर आहे. सापशिडी जमली की आजीकडून चल्लस आठ शिका, चिंचोक्यांचे फासे टाकून पटावर खेळायचा जुना खेळ. चिंच फोडताना निघालेले दोन चिंचोके मधोमध फोडले की चार फाका होतात. आमच्याकडे जितक्या पांढऱ्या बाजू वर तितकं दान, आणि सगळ्या पालथ्या पडल्या तर आठ. पाच बाय पाच घरांचा पट पाटीवरही निघतो. इथे पहिल्यांदा मुलाला निवड करावी लागते: ही सोंगटी हलवू की ती, मारू की फुलीच्या घरात लपू. त्याने ठरवलं की 'का?' असं विचारा, उत्तर चूक वाटलं तरी चाल त्याचीच राहू द्या. आजी असेल तर तीच पंच. तिचे नियम तुमच्यापेक्षा वेगळे निघाले तरी तिचेच चालवा.

बुद्धिबळ. दिव्याने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. नागपूरकरांना अभिमान वाटणारच, मलाही आहे. पण म्हणून या महिन्यातच फी भरायची घाई नको. घरी फक्त प्यादी मांडा, दोन्हीकडे आठ-आठ. सरळ एक घर चालायचं, पहिल्या चालीला हवं तर दोन, तिरकं मारायचं, आणि ज्याचं प्यादं आधी पलीकडे पोचेल तो जिंकला. इथे तुम्ही त्याच्यापेक्षा वरचढ असणार, म्हणून तुमची तीन प्यादी सुरुवातीलाच काढून ठेवा आणि ते त्याला उघड सांगा. प्याद्यांत रमला की राजा आणा, मग हत्ती, उंट, वजीर, आणि घोडा सगळ्यात शेवटी. पूर्ण पट मांडून तो स्वतः 'अजून एक डाव' म्हणू लागला की क्लासची चौकशी करा. आणि तिथे गेल्यावर पहिली विचारपूस एवढीच: या वयाची मुलं तासातला किती वेळ खेळतात आणि किती वेळ नुसती फळ्याकडे बघत बसतात.