वाचकांचे प्रश्न : कपाळावरचे कुंकू आणि डोळ्यातले मुसळ

प्रश्न : ख्रिस्तात सप्रेम सलाम. मी सोलापुरातील एका मंडळीच्या महिला संघात बारा वर्षांपासून काम करते. पूर्व भागात राहणारी, विड्या वळून घर चालवणारी एक बाई गेल्या वर्षीपासून आमच्या उपासनेला येऊ लागली. तिने बाप्तिस्मा घेतला आहे, घरचे मात्र कोणी ख्रिस्ती नाही. ती कपाळावर ठसठशीत कुंकू लावून, गळ्यात मंगळसूत्र घालून येई आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसे. एका रविवारी शास्त्रपाठ वाचण्यासाठी तिचे नाव पुढे आले, तेव्हा मी महिलांच्या सभेत सर्वांदेखत म्हणाले, "कुंकू लावून वेदीजवळ उभे राहणे शोभत नाही, आधी काय ते एक ठरवावे." ती काहीच बोलली नाही. त्यानंतर ती आलेली नाही, त्याला आता चार महिने झाले. तिने कुंकू का लावले होते हे मला आजही माहीत नाही. मी चुकले का? आणि कोणाचाही न्याय करायचा नाही असे म्हटले, तर मंडळीत शिस्त कशी राहणार? प्रेषित पौलाने तर मंडळीच्या आतल्या लोकांचा न्याय करायला सांगितले आहे.
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर : तुम्ही सरळ विचारले आहे, म्हणून सरळच लिहितो : चुकलात. परंतु कुंकवाबद्दल तुमचे काही मत आहे ही चूक नव्हे. त्याविषयी मराठी ख्रिस्ती कुटुंबांत एकमत नाही. कोणी ते धर्माचे चिन्ह मानून सोडले, तर कोणाला ते केवळ सवाष्णीचे लेणे वाटते. मंगळसूत्रावर मात्र तुमचा आक्षेप दिसत नाही, आणि त्याचे कारण बहुधा असे की आपल्यापैकी अनेकींच्या गळ्यात ते क्रूसाचे पदक लावून असतेच. जी खूण आपल्या सवयीची झाली ती डोळ्यांना खुपत नाही, आणि जी सवयीची नाही तिच्यावरून आपण समोरच्याचा विश्वास मोजू लागतो. तुमच्या पत्रातील सर्वांत प्रामाणिक वाक्य म्हणजे तिने कुंकू का लावले हे तुम्हाला आजही माहीत नाही. जे माहीत नव्हते त्याच्यावर त्या दिवशी निकाल दिला गेला, चूक ती तेथे आहे.

बायबलमधील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या आरंभी असाच प्रसंग आहे. एली याजक शिलो येथील मंदिराच्या दाराशी आसनावर बसला होता. हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करत होती. तिचे ओठ हालत होते, पण आवाज ऐकू येत नव्हता, एवढ्यावरून त्याने ती दारू प्यालेली आहे असे ठरवले आणि तिला खडसावले. मी दुःखी स्त्री आहे, मी परमेश्वरापुढे आपले मन मोकळे केले आहे, असे तिने सांगितल्यावर मात्र त्याने पुढे उलटतपासणी केली नाही. "शांतीने जा" म्हणून तिला आशीर्वाद दिला. पुढच्याच अध्यायात आपल्याला कळते की त्याचे स्वतःचे दोन मुलगे लोकांच्या अर्पणांतले मांस बळाने काढून घेत होते आणि त्यांना तो आवरू शकला नाही. परक्या बाईला झटक्यात ऐकवलेली कठोर शिक्षेची भाषा घरात मात्र मवाळ झाली. (आपल्या पंच कमिट्यांचे काही ठराव वाचताना मला हा एली फार आठवतो.) पुढे त्याच हन्नाचा मुलगा संदेष्टा शमुवेल नवा राजा निवडण्यासाठी इशायाच्या घरी गेला, तेव्हा थोरला मुलगा एलियाब याचे रूप पाहून हाच देवाने निवडलेला अभिषिक्त असे त्यालाही वाटले. मनुष्य बाहेरचे स्वरूप पाहतो आणि परमेश्वर हृदय पाहतो, हे वचन आपण लहान मुलांकडून पाठ करून घेतो. ते मुळात एका अनुभवी संदेष्ट्याला सांगावे लागले होते.

तुमच्या प्रसंगाला याहूनही जवळची गोष्ट नामान या परदेशी, अरामी सेनापतीची आहे. कोडातून बरा झाल्यावर त्याने यापुढे केवळ परमेश्वराचीच उपासना करण्याचा निश्चय केला, आणि लगेच एक अडचण मांडली : माझा धनी माझ्या हातावर टेकून आमच्या देशाच्या रिम्मोन दैवताच्या देवळात नमन करील तेव्हा मलाही वाकावे लागेल, त्याची मला क्षमा असावी. अलीशा संदेष्ट्याने त्याला नोकरी सोडायला सांगितले नाही, वाकण्याचा अर्थही विचारला नाही. "शांतीने जा" एवढेच तो म्हणाला. ज्या घरात एकटीनेच विश्वास धरला आहे त्या घरातील सुनेला रोज किती ठिकाणी वाकावे लागत असेल, याचा अंदाज पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेल्या आपल्यासारख्यांना येणे कठीण आहे.

आणि बाहेरून आलेल्याने सर्व जुने टाकलेच पाहिजे हा आग्रह आपल्याकडच्या मोठ्या माणसांनीही सोसला आहे. सोलापूरहून रेल्वेने पुण्याकडे जाताना दौंडनंतर केडगाव लागते, तेथे मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटिज येथे बाप्तिस्मा घेतला, तरी शाकाहार सोडला नाही, आणि लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस घालण्यास नकार दिला. तेथील काही जणांना हा जुन्या धर्माचा उरलेला अभिमान वाटला. याच बाईंनी पुढे आयुष्याची अखेरची वर्षे मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणण्यात घालवली.

आता शिस्तीचा प्रश्न. "न्याय करू नका" या वचनानंतर लगेच येशू कुसळ आणि मुसळ यांचे उदाहरण देतो. मूळ ग्रीकमध्ये काडी आणि तुळई आहे. मराठी भाषांतरकारांनी शेतातले कुसळ आणि माजघरातले मुसळ निवडले, ही निवड मला फार नेमकी वाटते. मळणीच्या दिवसांत डोळ्यात कुसळ गेलेल्या माणसाला ते स्वतःला काढता येत नाही. दुसऱ्याने त्याला उजेडात बसवून, पापणी वर करून, पदराच्या टोकाने अलगद काढावे लागते. भावाचे कुसळ तसेच राहू द्या असे येशू म्हणतच नाही. आधी स्वतःचे मुसळ काढ, म्हणजे तुला ते काढण्यास स्पष्ट दिसेल, असे तो म्हणतो. शिस्त राहते, पण ती जवळ बसून, एकांतात आणि नीट पाहून लावायची असते. सभेत उभे राहून कोणी कोणाच्या डोळ्यातले कुसळ काढत नाही. करिंथच्या मंडळीत पौलाने ज्याचा न्याय करायला सांगितले, तो मनुष्य बापाच्या बायकोशी उघड संबंध ठेवून होता आणि मंडळी त्यावर फुगली होती. ते कृत्य होते, सर्वांना ठाऊक होते. कपाळावरच्या खुणेला ते कलम लावता येणार नाही.

तुम्ही तिच्याकडे जा, पण एकट्याच किंवा फार तर तिच्या ओळखीच्या एखाद्या बहिणीबरोबर. पाळक आणि महिला संघ मिळून गेलात तर तिच्या सासरी नवाच प्रश्न उभा राहील. क्षमा मागा आणि कुंकवाचे कारण विचारू नका, कारण कारण पटले तरच क्षमा, असा तो सौदा होऊन बसेल. मात्र शब्द सभेत बोलले गेले होते, म्हणून ते सभेतच परत घेतले पाहिजेत, मग ती परत येवो वा न येवो.

प्रश्न : वरच्या विषयाला धरूनच विचारतो. आमच्या मंडळीत एक गृहस्थ आले. इस्त्रीचे कपडे, मुखोद्गत वचने, लांब प्रार्थना. सहा महिन्यांत त्यांना पहिल्या बाकावर जागा मिळाली आणि भिशीचे पैसेही त्यांच्याकडे गेले. ते आता सापडत नाहीत. न्याय करू नये म्हणून आम्ही गप्प होतो. आता काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुम्ही न्याय केला नाही हे मला मान्य नाही. तुम्ही इस्त्रीच्या कपड्यांवरून न्याय केला, तो अनुकूल होता इतकेच. याकोबाच्या पत्रातील दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळकट वस्त्रांच्या गरिबाला पायाजवळची जागा देणाऱ्या सभेला हेच विचारले आहे. बसण्याच्या जागेवरून माणूस ठरवण्याची सवय आपल्या जिल्ह्याला नवी नाही. मंगळवेढ्याच्या चोखोबांची समाधी पंढरपुरात देवळाच्या आत नाही, पायरीशी आहे. मेंढरांच्या वेषात येणाऱ्या लांडग्यांविषयी येशूने ज्या अध्यायात सावध केले तो अध्यायही "न्याय करू नका" याचाच आहे, आणि फळांवरून ओळखण्यास वेळ लागतो. सेवकांची आधी पारख व्हावी, मग त्यांनी सेवा करावी, असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. सहा महिन्यांत कोणाची पारख होत नाही. पोलिसांत तक्रार करण्यात विश्वासाला बाधा येत नाही, ती करा. ज्या बायकांचे पैसे गेले आहेत त्यांची नावे आणि रकमा आजच वहीत लिहून घ्या, आणि "आम्ही तेव्हाच ओळखले होते" असे आता म्हणणाऱ्यांना ती वही लिहायला बसवा.