मंगळुरूला मत्स्य कॉलेजला निघालेल्या खानापूरच्या पोराला

भावा, प्रवेश मिळाला, झकास! १९६९ पासूनचं कॉलेज आहे, बी.एफ.एससी.ची, म्हणजे मत्स्यशास्त्राच्या पदवीची, ४ वर्षं. लॅपटॉप कुठला घेऊ म्हणून विचारलंस, ते नंतर. आधी कन्नड सुधार. आपण घरी मराठी बोलतो, पण कॉलेजात आणि तळ्यावर कन्नडशिवाय अडशील.

जायच्या आधी गावच्या तळ्यावर चार दिवस पहाटे जाऊन बस. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील तर पाण्यात प्राणवायू कमी पडलाय. रात्री शेवाळही श्वास घेतं, म्हणून पहाटेच खरी अडचण.

नवखे चुकतात ते इथं:
- बीजाची, म्हणजे माशांच्या पिल्लांची, पिशवी तळ्यात थेट ओतणं. मीही ओतली होती. संध्याकाळी काठावर नुसती पांढरी पोटं. पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगू दे, मग तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घे.
- नुसता कटला मासा सोडणं. तो वर चरतो, रोहू मध्ये, मृगळ तळाशी. तिघं लागतात.
- जीव लावून जास्त खाद्य टाकणं. उरलेलं कुजतं, पाणी बिघडतं.

बायोफ्लॉकचे (टाकीत जिवाणूंच्या मदतीनं दाटीनं मासे वाढवायची पद्धत) व्हिडिओ तूर्त बंद. आणि हो, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची लाज सोड.