क्यूनंतर यू नसलेले इंग्रजी शब्द

प्रश्न असा आहे: इंग्रजीत क्यूनंतर यू येतोच असं शाळेत शिकवतात. मग यू न येणारे छोटे शब्द कोणते, आणि त्यांचे अर्थ काय?

असे शब्द बरेच आहेत, पण त्यांतले बहुतेक बाहेरून आलेले. मुळात क्यू-यू ही जोडीच लॅटिनची. जुन्या इंग्रजीत 'क्वीन' सी-डब्ल्यूने सुरू होई. १०६६ मध्ये फ्रान्समधले नॉर्मन लोक इंग्लंड जिंकून तिथे आले आणि त्यानंतर लेखनिक फ्रेंच वळणाने क्यू-यू लिहू लागले. पुढे अरबीतला 'क़ाफ', म्हणजे पडजिभेपाशी उमटणारा खोल क, रोमन लिपीत दाखवायची वेळ आली, तेव्हा एकटा क्यू कामी आला.

म्हणूनच या यादीतले कितीतरी शब्द मराठी माणसाला कोशाशिवाय कळतात. क्यू-ए-डी-आय म्हणजे काजी. एफ-ए-क्यू-आय-आर म्हणजे फकीर, टी-ए-एल-ए-क्यू म्हणजे तलाक. बी-यू-आर-क्यू-ए म्हणजे बुरखा. इथे आपण त्या क़चा चक्क ख केला. एस-यू-क्यू म्हणजे अरबी बाजारपेठ. क्यू-ए-टी हे येमेन, इथिओपियाकडचं झुडूप, त्याची पानं तरतरीसाठी चघळतात.

मला यातला सर्वांत आवडता शब्द क्यू-ए-एन-ए-टी, कनात. तंबूची कनात मनातून काढून टाका. हा इराणमधला भूमिगत कालवा. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणून भूजल गाठायचं आणि अगदी मंद उताराच्या बोगद्यातून ते मैलोन्‌मैल दूरच्या शेतांपर्यंत न्यायचं. पंप नाही, मोट नाही, आणि पाणी जमिनीखालून वाहत असल्यामुळे उन्हाने आटतही नाही. एवढी विद्या पाच अक्षरांत मावली आहे!

क्यू-ओ-पी-एच हे हिब्रू वर्णमालेतलं एकोणिसावं अक्षर. ते आणि रोमन क्यू, दोघांचा पूर्वज एकच फिनिशियन अक्षर आहे.

क्यू-आय मात्र या घराण्यातला नाही. उच्चार 'ची', अर्थ चिनी विचारातली प्राणशक्ती. चीनने १९५८ मध्ये पिनयिन ही रोमन लेखनपद्धत स्वीकारली, तिच्यात क्यू हे एका च-सारख्या ध्वनीचं चिन्ह आहे. स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द बनवायचा खेळ, खेळणाऱ्यांना हा शब्द प्राणासारखा जपावासा वाटतो, कारण क्यूच्या सोंगटीला १० गुण असतात आणि यू हाती नसताना ती दोनच अक्षरांत खपते. अल्बेनियाच्या लेक या चलनाचा शंभरावा भाग म्हणजे क्यू-आय-एन-डी-ए-आर; तिथल्या क्यूचा उच्चार आणखी निराळा.

अस्सल इंग्रजी घडणीचे म्हणाल तर दोन. क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय ही टंकफलकाच्या वरच्या ओळीतली पहिली सहा अक्षरं. आणि टी-आर-ए-एन-क्यू, म्हणजे ट्रँक्विलायझर, शांत करणारं औषध. त्याच्या मूळ शब्दात क्यूनंतर यू आहेच. लघुरूप करताना शब्द नेमका क्यूपाशी तोडला गेला.