शून्यावर परत ये

पोरी,

तुझ्या समारियम-कोबाल्ट आणि लोखंडाच्या दोन-थरी फिल्मचा लूप, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मागेपुढे नेताना चुंबकन कसं बदलतं त्याचा आलेख, काल रात्री तीनदा पाहिला. दोन पायऱ्या दिसल्या आणि तू निकाल लिहून मोकळी झालीस: थर एकमेकांना जोडलेलेच नाहीत, सॅम्पल वाया गेलं, आता सिम्युलेशनकडे वळू का? वळायचं तर वळ, पण या कारणासाठी नको. तू उलट क्षेत्र वाढवतच गेलीस. मध्ये एकदाही शून्यावर परत आली नाहीस.

लोखंडाचा थर 20 नॅनोमीटर ठेवलास तर पायरी येणारच. समारियम-कोबाल्टच्या हार्ड थराला, म्हणजे सहज न उलटणाऱ्या थराला, लागून असलेले लोखंडाचे स्पिन (अणूंचे छोटे चुंबक) जागचे हलत नाहीत. तिथून वर जावं तशी पकड सैल होते, म्हणून उलट क्षेत्रात आधी वरचं टोक वळतं आणि थराच्या जाडीभर पीळ पडत जातो. हार्ड थर पुरेसा ताठ असेल तर हा पीळ सुरू होण्याचं क्षेत्र जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं: जाडी दुप्पट केलीस की क्षेत्र चौथाई. त्यामुळे जोड उत्तम असूनही जाड थराचा लूप दोन सुट्या थरांसारखा दिसतो. क्नेलर आणि हाविग या संशोधकांनी 1991 मध्ये या चुंबकांना ‘एक्सचेंज-स्प्रिंग’ म्हटलं ते उगाच नाही. क्षेत्र काढलं की पीळ उलगडतो. पण तू ते काढलंसच कुठे?

माझ्या पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी असाच लूप आला होता. सात फिल्म्स डबीत टाकल्या, वर ‘निकामी’ लिहिलं, आणि बफर थर (फिल्मखालचा आधारथर) बदलत अख्खं वर्ष घालवलं. पुढे कपाट आवरताना ती डबी सापडली. क्रोमियमचं कवच शाबूत होतं. एक फिल्म मोजली: पहिली पायरी उतरून शून्यावर परत आलो, तर रेमनन्स, म्हणजे क्षेत्र काढल्यावर उरणारं चुंबकन, जवळजवळ जसंच्या तसं. थर जोडलेलेच होते. त्या दुपारी मला जेवण गेलं नाही.

तेव्हा व्हीएसएमवर (चुंबकन मोजायच्या यंत्रावर) आठवड्याला एकच दुपार मिळायची, मागे रांग असायची. हे खरं आहे, आणि मी ते आजही सांगतो. पण शून्यावर परत यायला दहा मिनिटं लागली असती. म्हणून आता रिकॉइल वक्राशिवाय, म्हणजे शून्यावर परत येतानाच्या मोजणीशिवाय, माझ्याकडून एकही आलेख बाहेर जात नाही. शोधनिबंध रखडतात, विद्यार्थी रागावतात. रागावू देत. ज्याचं वर्ष गेलं त्याला एवढा हट्ट करू द्यावा.

आणखी एक. तुझा लूप 2 टेस्लाला थांबतो. तेवढ्यात हार्ड थर खरंच संपृक्त, म्हणजे पूर्णपणे एका दिशेला चुंबकित, झाला का? टोकं मिटलेली दिसली म्हणून खात्री धरू नकोस. मोठ्या क्षेत्राचं यंत्र मिळत असेल तर एकदा तिथे तपास. सब्सट्रेटचा (फिल्म जिच्यावर बसवलीस त्या चकतीचा) डायमॅग्नेटिक, म्हणजे क्षेत्राच्या उलट जाणारा, उतार वजा केलास का, तेही कळव.

मग दर वेळी आधी पूर्ण संपृक्त कर, उलट दिशेने थोडं जा, शून्यावर परत ये. पुन्हा संपृक्त कर, थोडं पुढे जा, परत ये. सुरुवातीला रेमनन्स टिकेल. ज्या क्षेत्रापासून ते घसरायला लागेल, तिथे हार्ड थरात उलटापालट सुरू झाली असं समज. ते क्षेत्र मला हवंय. पहिल्याच छोट्या फेरीत रेमनन्स पडलं आणि पडलेलंच राहिलं, तर तुझं म्हणणं मी मान्य करीन, आणि मग इंटरफेसबद्दल, दोन थरांच्या सांध्याबद्दल, बोलू.

तोवर ती फिल्म डबीत टाकू नकोस.