नेपल्सलाच मुक्काम ठेव

प्रिय मुली,

तुझा आराखडा वाचला. दहा दिवसांत नेपल्स, अमाल्फी, मातेरा, बारी आणि शिवाय पालेर्मो? यातलं निम्मं आजच खोडून टाक. दक्षिण इटलीत पैसा खाण्यावर फारसा जात नाही, तो जातो रोज बॅग उचलून नवं गाव गाठण्यात. आणि ज्या अवशेषांसाठी तू एवढ्या लांब चालली आहेस, त्यांच्या वाट्याला मग दोन तासही उरत नाहीत.

नेपल्समध्ये एकच खोली घे. पॉम्पेई आणि एर्कोलानो, ज्वालामुखीखाली गाडली गेलेली ही दोन रोमन गावं, दोन्हीकडे सर्कमवेसुव्हियाना लोकल जाते. गर्दी असते, पर्स पोटाशी धर. पॉम्पेईचं तिकीट आधीच काढ, दिवसाला वीस हजारांवर माणसं आत सोडत नाहीत. पंचविशीच्या आतली सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे, आपल्या पासपोर्टवर ती धरू नकोस.

एर्कोलानो मात्र कसंही करून बघच. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेच्या आणि वायूच्या तप्त लोटांनी हे गाव गाडलं. तिथलं लाकूड कोळसा झालं, पण आकार टिकला. तुळया, दारं, घरांचे वरचे मजलेसुद्धा. पॉम्पेईत रस्ते दिसतात, इथे घरात शिरल्यासारखं वाटतं. त्यानंतर नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय गाठ (मंगळवारी बंद). तिथे त्या काळचा करपून काळा पडलेला गोल पाव आहे, वर आठ फोडींच्या खुणा. तो बघताना माझे डोळे भरून आले होते.

खाण्याचं सांगते. घडी घालून कागदात देतात तो पिझ्झा रस्त्यावर उभ्यानेच खा. कॉफीही काउंटरवर उभ्याने घ्यायची, टेबलावर बसलं की बऱ्याच ठिकाणी दर वाढतो. हॉटेलच्या बिलात 'कोपेर्तो' दिसेल, तो माणशी आकार आहे, त्यावरून वाद घालू नकोस. तू शाकाहारी आहेस म्हणून सांगते, तिथल्या तराल्लीत, म्हणजे खुसखुशीत खाऱ्या कड्यांत, बहुधा डुकराची चरबी असते आणि म्हशीच्या दुधाच्या अस्सल मोझरेलात वासराचं रेनेट, म्हणजे त्याच्या पोटातून काढलेलं दूध फाडायचं द्रव्य. चालत नसेल तर मारिनारा पिझ्झा मागव. त्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, बस्स. पास्ता-वाटाणे, पास्ता-छोले घरगुती खाणावळीत मिळतात, पण आधी मांस घातलंय का ते विचार.

अमाल्फीचा दिवस वाचला तो पेस्टुमला दे. सालेर्नोच्या पुढे ग्रीकांनी वसवलेलं हे गाव. डोरिक, म्हणजे जाड साध्या खांबांच्या ग्रीक शैलीतली तीन मंदिरं, सर्वांत जुनं इ.स.पू. 550च्या सुमाराचं. प्रादेशिक रेल्वेचं भाडं ठरलेलं असतं, आगाऊ काढलंस तरी तेवढंच पडतं. कागदी तिकिटावर चढण्यापूर्वी यंत्रात शिक्का मारून घे, नाहीतर दंड. परतीच्या गाड्या मोजक्याच, त्यांच्या वेळा उतरल्या उतरल्या लिहून ठेव. आणि 'पाणबुड्याची कबर' पाहिल्याशिवाय परतू नकोस. 1968 मध्ये सापडलेली, आतून रंगवलेली, झाकणावर पाण्यात सूर मारणारा तरुण.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात. तो दिवस पॉम्पेईला नको, तुफान गर्दी होते. तुझ्या तारखांत असा रविवार येतोय का ते कळव, म्हणजे कुठला दिवस कुठे घालायचा ते बसून ठरवू.

तुझी,
मावशी